मास्तरांची पँट

गिऱ्हाइकाचं पोट सुटलंय हे त्याच्या तोंडावर सांगायचं नाही, हा टेलरमास्तरांचा तीस वर्षांचा नेम. पँट घट्ट होते म्हणून कुणी आला, की ते गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "साहेब, कापड आटलंय," आणि गुपचूप कंबर दोन इंच सैल करून द्यायचे.

त्यांचं स्वतःचं पोट मात्र आता शिलाई मशीनला टेकायला लागलं होतं. डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा मास्तरांनी चहातली साखर सोडली आणि रोज सकाळी चालायला सुरुवात केली. आता ते चालणं कोपऱ्यावरच्या बाकापर्यंतच असायचं, ही गोष्ट वेगळी! पण महिन्याभरात पँटचं बटण अलगद लागलं. मास्तर असे हरखले, की दुकानात येईल त्याला पोट कमी करण्यावर व्याख्यान झोडू लागले.

एके दिवशी इस्त्रीसाठी त्यांनी ती पँट उलटी केली आणि मागच्या शिवणीवर त्यांची नजर खिळली. तो बारीक, सरळ टाका त्यांनीच बायकोला शिकवला होता.

"अगं, ही कंबर तू सैल केलीस?"

भाजी चिरता चिरता बायकोने मानही वर केली नाही.

"छे हो! कापड आटलं होतं."