टाकीतलं हिरवं पाणी

प्लेग येऊन गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या चाळीच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हिरवं झालं. आम्ही शहराच्या कडेला, पर्वत पाटिया या वस्तीत राहायचो. बहुतेक घरं कापड विणायच्या लूमवर कामाला आलेल्या खानदेशी माणसांची. प्लेगनं सगळे आधीच धास्तावलेले. नळाखालच्या बादलीत हिरवट पाणी दिसलं तशा सगळ्यांच्या नजरा जिन्याखालच्या खोलीकडे वळल्या.

तिथं वऱ्हाडातले एक काका एकटेच राहायचे. कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला होते. कोपरापर्यंतचे त्यांचे हात कधी निळे, कधी हिरवे असायचे.

“त्यानाच काम शे,” आई म्हणाली. घरात ती अहिराणीच बोलायची. “कपडा धोवाले गच्चीवर कसाले जास तो?”

मलाही ते पटलं होतं. टाकीवर वाकलेले काका मी स्वतः पाहिले होते. मी तेव्हा बीएस्सीला होते. पाण्यात रंग आहे हे सिद्ध करायचंच, म्हणून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून कॉलेजात नेलं.

मॅडमनी एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. मी डोळा लावला. हिरवे, लांबटगोल ठिपके दिसले, आणि ते चक्क पळत होते. एकेकात तांबडं टिंब.

“क्लॅमिडोमोनास,” मॅडम म्हणाल्या. “एकाच पेशीचं शेवाळ. टाकी उघडी असते का?”

टाकीवरचा पत्रा होळीच्या सुमारास वाऱ्यानं उडाला होता. तो परत कुणी बसवलाच नव्हता.

घरी येऊन मी हे सांगितलं, तर शेजारच्या मामांनी विचारलं, “म्हणजे पाण्यात जिवंत काहीतरी आहे?”

“हो, पण ते उन्हानं आपोआप वाढतं.”

“आपोआप कसं? कुणीतरी टाकलंच असेल ना?”

त्यानंतर काकांशी कुणी बोलेना. नळावर त्यांची बादली बाजूला सरकवली जायची. मला राहवेना. मी जाऊन त्यांना शेवाळाचं सांगितलं.

“मले तं तुमच्यातल्याच कोणाचा संशय होता,” ते म्हणाले. “म्हणून वर जाऊन पाहत होतो. प्यायचं पाणी मी मिलमधूनच आणतो.”

महिनाअखेरीला ते दूर कामरेजकडे खोली घेऊन निघून गेले. त्याच रविवारी चाळीतल्या पुरुषांनी टाकी उपसली, आतून चुना फासला, वर नवा पत्रा ठोकला. पाणी स्वच्छ यायला लागलं.

“तो गया आनि पानी साफ व्हयनं,” आई म्हणाली.

मी पुन्हा ऊन, पत्रा, शेवाळ, सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. पण जिन्याखालची खोली रिकामी होती तोवर, नवा येणारा भाडेकरू कुठं कामाला आहे, याची चौकशी ती घरमालकाकडे करत राहिली.