देवाचा डबा

तांदूळ धुण्याआधी एक मूठ देवाच्या डब्यात टाकायची, ही आमच्या घरची रीत. महिनाअखेरीस तो डबा चर्चमध्ये जातो आणि तिथून गरजू घरांत. सासूबाईंनी मला शिकवलं, मी माझ्या आठ वर्षांच्या लेकीला, रूथला.

आज सणासाठी आंबेमोहोर काढला होता. रूथने त्यातलीच मूठ भरली.

"अगं, तो नको! डब्यात रेशनचा घाल," मी पटकन म्हणाले.

"पण मम्मी, याचा वास किती छान आहे."

"म्हणूनच. तो आपल्याला."

तिने मुकाट्याने मूठ उघडली आणि रेशनच्या तांदळात हात घातला. हट्ट केला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. इतकी वर्षं मूठ टाकल्याचं समाधान मिरवलं, मुठीत काय आहे ते कधी पाहिलंच नाही. लेकीला नेमकं काय दिलं मी? दया, की दयेतली काटकसर?

दुपारी ताटांतून आंबेमोहोराचा वास दरवळत होता. रूथने डोळे मिटून प्रार्थना केली, "प्रभू, भुकेल्यांनाही असंच जेवण दे."

सगळे आमेन म्हणाले. मी मात्र देवाच्या डब्याकडे पाहत राहिले.