जतनाची दुसरी ओळ

बायकोला हे ठाऊक नाही. देवापुढे बसतो, तेव्हाही एवढं वगळून बाकीचं सांगतो. आज तुम्हाला सांगून टाकतो — स्वतःची वकिली करायची नाही, एवढं ठरवून.

मी सोलापूरच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. नरसम्मा नावाच्या विणकर विधवेच्या हातमागावर तिच्या दिरानं दावा लावला होता. निकालापर्यंत मागाचं जतन व्हावं, असा हुकूम घेऊन मी पंचांसह तिच्या घरी गेलो. तिनं दारातच अडवलं. मागाच्या खोलीत पायताण चालत नाही, म्हणाली. बूट काढले, तर फाटक्या मोज्यातून माझा अंगठा बाहेर! पंच हसले. तीही हसली — थोडीशीच. एवढ्यावर माणूस सूड उगवतो का? मी उगवला.

हुकुमात दोन ओळी होत्या. पहिली — माग आहे त्या स्थितीत जतन करावा. दुसरी — मात्र प्रतिवादी बाईने त्यावर नेहमीप्रमाणे काम करण्यास व त्याची निगा राखण्यास हरकत नाही. तिला मराठी वाचता येत नव्हतं, वकील तर नव्हताच. पंच अंगणात पान जमवत होते. मी पहिली ओळ वाचली, कागदाची घडी घातली आणि माझ्याच मनानं मागावर लाखेचं सील लावलं.

"जतन म्हंजे हात लावायचा न्हाय की?" तिनं विचारलं.

"बोटसुद्धा नाही," मी म्हणालो.

अर्धं लुगडं मागावर तसंच राहिलं. ती पोटासाठी दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. मी अधूनमधून तपासणीला जायचो — गरज नव्हती, तरी जायचो. सुताच्या खळीवर उंदीर यायचे. ती मागाजवळ बसून टाळ्या वाजवून त्यांना हाकलायची, पण सुताला शिवायची नाही. धूळ तरी झटकू का, विचारायची. नको, म्हणायचो. आणि खरं सांगू? घरी परतताना मला बरं वाटायचं. शीळ घालत जायचो.

दोन वर्षांनी निकाल तिच्या बाजूनं लागला. सील मीच फोडलं. सूत कुरतडलेलं, लाकडाला वाळवी. तिनं मागाच्या फणीला हात लावला, तशी ती निखळून खाली पडली.

पावतीवर मी लिहिलं — माग सुस्थितीत मिळाला. त्याखाली तिचा अंगठा घेतला.

शाई पदराला पुसत तिनं विचारलं, "म्या नीट जतन केलं की न्हाय, सायेब?"

"केलंस," मी म्हणालो, आणि दारात येऊन बूट घातले.