पोपटिणीला ओव्याची धुरी

अख्ख्या घरात कूलर एकच, आणि तो पोपटांच्या खोलीत. प्रमिलाबाई हे सांगायच्या तेव्हा ऐकणाऱ्याला आधी चेष्टाच वाटे. मग त्या जिन्याकडे बोट दाखवायच्या. अमळनेरच्या वैशाखात, वर गच्चीलगतच्या खोलीत आफ्रिकेच्या दोन पाखरांवर वाळ्याचा गार वारा सुटलेला, आणि खाली बी.ए. झालेली बाई मानेवर ओला पंचा टाकून भाकरी थापते आहे.

पाखरं तरी दिसायला धड असावीत! मेयर पोपट म्हणे. मैनेच्या अंगलटीचे, मातकट, पोटाशी हिरवट निळे, खांद्यावर हळदीचा हात पुसावा तेवढा पिवळा डाग. बोलणं शून्य. बघायला येणारा प्रत्येक जण विचारी, "मिठू मिठू म्हणतो का?" आणि धुळ्याच्या पंपाच्या दुकानात रोज एसटीनं जाऊन-येऊन नोकरी करणारा त्यांचा एकुलता एक किरण न कंटाळता समजावून सांगे, की आपले हिरवे पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे, हे परदेशी, नोंदणी करून घेतलेले, आणि यांची वीण आपल्याकडे फार थोड्यांना जमते.

"तुला तरी कुठे जमली?" प्रमिलाबाई म्हणायच्या.

ते खरंच होतं. पहिल्या जोडीत दोन्ही नर निघाले. दुसऱ्या जोडीतल्या मादीनं अंडी घातली, ती पोकळ. मुलगा बघायला फैजपूरहून पाहुणे आले, तर या पठ्ठ्यानं चहा गार होऊ दिला आणि त्यांना वर नेऊन विणीची पेटी दाखवली. पाहुणे गेले ते गेलेच. त्या संध्याकाळी प्रमिलाबाईंनी ताट आपटलं. "या घरात आता एक तर ते पोपट राहतील, नाही तर मी."

किरण म्हणाला, "आई, एक वीण बघू दे. या वेळी पिल्लं नाही निघाली तर जोडी देऊन टाकीन. शब्द."

म्हणजे अंडी फुकट गेली की प्रमिलाबाई सुटल्या. मादी पेटीत बसली तेव्हापासून किरण रोज निघताना बजावी, पेटी उघडायची नाही, खोलीत उदबत्तीसुद्धा नाही, धूर यांच्या छातीला सोसत नाही. "तुझ्या वेळी माझी कुणी इतकी काळजी घेतली नव्हती," असं म्हणून त्या कूलरमध्ये पाणी ओतायला वर जात. जिना चढताना करवादत, उतरतानाही करवादत. पण जात.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भडगावहून सुंदरअक्का माहेरपणाला आल्या. प्रमिलाबाईंच्या थोरल्या नणंद. मादी पेटीबाहेर येत नाही, नर तिला घास भरवतो, हे किरणकडून ऐकल्यापासून त्यांचा जीव कळवळत होता.

दुपारी प्रमिलाबाई सांजोऱ्या तळत होत्या. ओव्याचा वास आला. शेजारी कुणी बाळंतीण आहे का, असं त्यांच्या मनात आलं, आणि पुढच्याच क्षणी गॅस बंद करून त्या जिन्याकडे धावल्या.

कूलर बंद, खिडक्या बंद. पेटीखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची टरफलं, आणि अक्का पदरानं वारा घालतायत.

"अक्का! काय करताय हे?"

"वरडस कशाले? बायतीन शे ना ती, तिले धुरी नको का?"

"अहो, पोपट आहे तो!"

"पाखरू शे म्हनीसन काय व्हयनं? बायतीन ती बायतीन!"

प्रमिलाबाईंनी शेगडी उचलून गच्चीत नेली, खिडक्या उघडल्या, कूलर पूर्ण जोरात सोडला. मादी भेदरून बाहेर पडली आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात चोच उघडी टाकून धापा टाकू लागली. अंडी पेटीत एकटीच. त्यांनी किरणला फोन लावला. सणाची अर्धी सुटी घेऊन तो परतीच्या एसटीत होता.

"धूर गेला का?"

"गेला रे. पण ती आत जात नाही."

"मग आधी कूलर बंद कर, अंडी गार पडतील. आणि बाहेर थांबा दोघी."

कूलर बंद झाला. अक्का मान डोलवत म्हणाल्या, "मी काय सांगेल व्हतं? बायतीनले वारं लागू देवानं नही."

प्रमिलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ज्या उन्हाला त्यांनी चैत्रापासून शिव्या घातल्या, तेच ऊन आता अंडी राखणार होतं. दोघी नणंद-भावजया दाराबाहेर पायरीवर घामानं निथळत, फटीला डोळे लावून बसल्या. आता सुटकेची संधी आपणहून चालून आली होती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे सारखा किरण येत होता, पोकळ अंडी तळहातावर घेऊन उभा असलेला.

"जा ग बाई," त्या पुटपुटल्या. "जा की आत."

नर जवळ सरकला. त्यानं मादीला भरवलं. ती हलली, परत बसली, आणि दोघींचा धीर सुटत आला तेव्हा पेटीच्या भोकात शिरली.

किरण दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला. "गेली?"

"गेली."

त्यानंही फटीला डोळा लावला.

"आणि दिलेला शब्द लक्षात आहे ना?" प्रमिलाबाई कडाडल्या. "पिल्लं नाही निघाली तर जोडी द्यायची."

"आहे."

"ही वीण त्यात धरायची नाही. हिला धुरी झाली. नाहीच निघाली, तर पुढची धरायची."

आपण हे काय बोलून बसलो म्हणून स्वतःवरच चरफडत त्या अर्ध्या तळलेल्या सांजोऱ्यांकडे खाली गेल्या.