कार्ड माझ्या नावाचं

माझे यजमान गवंडी. छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना काम बंद करायला आणि ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं. पण ऑपरेशनचा खर्च सरकारी योजनेतून मिळायचा, तर बांधकाम कामगाराचं कार्ड चालू हवं, आणि कार्ड चालू राहायला कामाचे दिवस भरायला हवेत. आजारी माणसाने ते भरायचे कसे?

"बसून खानाऱ्याला सरकार का म्हनून देईल?" असं म्हणत ते उत्रोलीच्या साइटवर निघाले. मला राहवेना, म्हणून मीही मागोमाग गेले. ठेकेदाराने त्यांना नव्या भिंतींवर पाणी मारायचं हलकं काम दिलं. तरी जिना चढतानाच त्यांना दरदरून घाम फुटला. मी त्यांच्या हातातला पाइप ओढून घेतला.

"तुमी हितंच बसा."

ठेकेदार म्हणाला, "वहिनी, काम तुमी केलं तर दिवस भरल्याचा दाखला तुमच्याच नावाचा निघंल."

"मग माझंच कार्ड काढू. त्यात नवरा बसतो का न्हाई?"

"बसतो की."

तेव्हापासून रोज मी भिंती भिजवते, ते घरी असतात. दिवस अजून भरायचेत. कामावर असताना घरून फोन आला, की हातातला पाइप तसाच टाकून मी आधी त्यांचंच विचारते.