इशाऱ्याचा आवाज

कॅरिबियनमधल्या एका लहानशा बेटासाठी आमची टीम धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बनवत होती. वादळ येवो, पूर येवो, लोकांच्या फोनवर कर्कश भोंगा वाजला पाहिजे. मी ऑकलंडमधल्या घरातूनच काम करायचो. आवाज खरा वाटावा म्हणून इथल्या सरकारी इशाऱ्याचाच भोंगा घेतला होता आणि तो दिवसातून दहादा वाजवायचो. अतिशहाणा, दुसरं काय.

आई पुण्याहून कायमची आली होती. तिची खोली तळमजल्यावर, ओढ्याच्या बाजूला. पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा ती जपमाळ हातात तशीच घेऊन धापा टाकत वर आली.

"काही नाही गं, माझं काम चाललंय," मी म्हणालो.

काम कसलं, ते सांगितलं नाही. आमच्यात म्हाताऱ्या माणसांना काळजीचं काही सांगत नाहीत. बाबांचं दुखणंसुद्धा आम्ही महिनाभर तिच्यापासून लपवलं होतं. पूर, वादळं कशाला तिच्या डोक्यात भरवायची? पुढे पुढे भोंगा वाजला की तिला बरंच वाटायचं. मुलगा घरात आहे.

त्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता. आई पूजेला बसली होती, म्हणून न सांगताच मी सँडरिंगहॅम भागातल्या भारतीय दुकानात भाजी आणायला गेलो. दुकानात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. माझाही. मी सवयीने भोंगा बंद केला. मग मजकूर वाचला आणि आईला फोन लावला. पूजेत ती फोन उचलत नाही.

रस्त्यांवर पाणी भरलं होतं. मी पोचलो तेव्हा अग्निशमन दलाची माणसं तिला खोलीतून बाहेर आणत होती. आई गेली होती.

मला रडू आलं नाही. सांगतील तिथे सह्या केल्या, पुण्याला फोन केले, मेथी फ्रिजमध्ये ठेवली. आत काही हलतच नव्हतं, आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

चार दिवसांनी शेजारची सामोअन बाई आली. आत या म्हटलं तरी दारातच उभी राहिली. भोंगा वाजल्यावर तिने आईच्या खिडकीवर थापा मारल्या होत्या.

"मला वाटलं, तू आहेस घरात," ती रडत म्हणाली. "म्हणून मी पुढच्या घरी गेले. तुझी आई हसली रे माझ्याकडे बघून. वर बोट दाखवलं आणि म्हणाली, सन वर्किंग. सन वर्किंग."