रिकामा डबा

आमच्या डर्बनच्या चॅट्सवर्थमध्ये राहणाऱ्या कोगी आंटीचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही. दरवर्षी मारिअम्मन देवीच्या प्रसादाची आंबील ती साऱ्या गल्लीला वाटते, पण डब्यांच्या बुडाला नेलपॉलिशची खूण करून. कोणी डबा बदलला तर? डबा रिकामा परत करायचा नाही, ही इथली रीत. मी दरवर्षी त्यात हलवा घालून देते.

यंदा शेजारी नव्याने आलेल्या झानेलेने डबा घासूनपुसून रिकामाच परत केला. झालं! आंटीने मला कुंपणापाशी बोलावलं.

"बघ! आंबील मोरीत ओतली असणार. आणि डब्याला लिंबाचा वास येतोय. करणी, दुसरं काय!"

"लिंबाने घासला असेल हो."

"तू गप! तुला माणसं कळत नाहीत."

वैतागून मी आंटीदेखतच झानेलेला हाक मारली आणि रीत सांगितली.

"रीत ठाऊक आहे," ती अवघडून म्हणाली. "आंबील मुलांनी चाटूनपुसून खाल्ली. पण माझ्या खिडकीतून आंटींची कचऱ्याची बादली दिसते. परवा तुम्ही दिलेला हलवा त्यातच होता."

अकरा वर्षं 'हलवा छान होता गं' म्हणणारी आंटी डबा उलटा करून बुडाची खूण निरखू लागली.